२२ गायक, ८ तंतुवाद्ये आणि डिसेंबरचा कार्यक्रम : बरोक रचना कोणत्या निवडाव्यात?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना नमस्कार. छावणी भागातील एका जुन्या चर्चमध्ये गेली चार वर्षे मी एक छोटा गायन-वादन संघ चालवतो आहे. आजवर आम्ही नाताळची गीते आणि चार आवाजांत बसवलेली मराठी उपासनागीते यांपलीकडे गेलेलो नाही. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुमारे एक तासाचा, केवळ बरोक काळातील (युरोपातील सुमारे १६०० ते १७५०) रचनांचा कार्यक्रम करावा असे संघातील सर्वांच्या मनात आहे.

आमच्याकडे नऊ सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज), सहा आल्टो (स्त्रियांचा खालचा), तीन टेनर (पुरुषांचा उंच) आणि चार बास (पुरुषांचा खालचा) आहेत. वाद्यांत पाच व्हायोलिन, एक व्हायोला, दोन चेलो, दोन बासऱ्या (पाश्चात्त्य पद्धतीच्या) आणि ऑर्गनचा आवाज असलेला एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. डबल बास नाही, ओबोही नाही. एक ट्रंपेटवादक मिळाले आहेत. ते लग्नसराईत बँड पथकात वाजवतात, दम आणि सूर दोन्ही उत्तम आहेत, परंतु पाश्चात्त्य स्वरलिपी ते सावकाश वाचतात. बासमधील चौघांपैकी तिघे मूळचे भजनी मंडळातले असून ते ऐकून शिकतात. सप्टेंबरपासून मोजले तर १४ रविवार हाती आहेत, त्यांतील दोन-तीन गणपती आणि दिवाळीत जातील.

माझ्या डोळ्यांसमोर चार पर्याय आहेत : विवाल्डीचे ‘ग्लोरिया’, हँडेलच्या ‘मसाया’तील निवडक भाग, बाखचे ‘माग्निफिकात’ किंवा त्याचा चौथ्या क्रमांकाचा कँटाटा (वाद्यांच्या साथीने गायची अनेक भागांची रचना), आणि हँडेलचेच ‘झेडॉक द प्रीस्ट’. संघाची ताकद पाहता यांपैकी काय झेपेल, काय झेपणार नाही, आणि माझ्या नजरेतून काही सुटते आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (जालना)

नमस्कार सर. मी बरीच वर्षे क्वायर बसवते आहे आणि आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण आपली आकडेवारी थोड्याफार फरकाने माझीच आहे. रचनेचे नाव ठरवण्याआधी आपले टेनर मोजावेत, अशी माझी विनंती आहे. तीन टेनर म्हणजे एकाला सर्दी झाली की दोन, आणि त्या दोघांतला एक जर शेजारच्याचे ऐकूनच सूर धरणारा असेल तर प्रत्यक्षात एकच. ज्या रचनेत टेनरची ओळ उघडी पडते किंवा दोन भागांत विभागते, ती रचना कितीही आवडती असली तरी तूर्त बाजूला ठेवावी लागते.

या कसोटीवर ‘झेडॉक’ लगेच गळते. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या १७२७ मधील राज्याभिषेकासाठी लिहिलेली ती रचना सात आवाजांची आहे. सोप्रानो, आल्टो आणि बास तिन्ही तिथे दुभंगतात, शिवाय तीन ट्रंपेट आणि टिंपनी (नगाऱ्यासारखी वाद्ये) लागतात. ‘माग्निफिकात’ पाच आवाजांचे आहे आणि तेही तीन ट्रंपेटांचे. चौथ्या क्रमांकाच्या कँटाटाला दोन स्वतंत्र व्हायोला हवेत, आपल्याकडे एक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो ईस्टरचा कँटाटा आहे. डिसेंबरात तो गाण्याने नियम मोडत नाही, परंतु आपले श्रोते चर्चचे वर्ष पाळणारे आहेत, त्यांना ते खटकेल.

‘मसाया’बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे बहुतेक संघ फसतात. ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ हा भाग सर्वांना तोंडपाठ असतो आणि ऐकायला हलका वाटतो. त्यातल्या लांबच लांब तानांचे मूळ मात्र वेगळे आहे. १७४१ च्या उन्हाळ्यात हँडेलने दोन एकल गायकांसाठी एक इटालियन द्वंद्वगीत लिहिले होते, आणि काही आठवड्यांतच ‘मसाया’ लिहिताना त्याने तेच साहित्य समूहगानासाठी घेतले. दोन तयार गळ्यांसाठी घडवलेली तान बावीस जणांनी एका दमात म्हणायची, म्हणजे प्रत्येकाची लय रेषेवर हवी. ‘अँड द ग्लोरी ऑफ द लॉर्ड’ मात्र जरूर घ्यावे. तिथे चार छोटे विषय आळीपाळीने येतात, ओळी बोलक्या आहेत आणि टेनरला बहुधा कोणाचा तरी आधार असतो.

माझे मत ‘ग्लोरिया’च्या बाजूने आहे. विवाल्डी व्हेनिसच्या ‘पिएता’ या अनाथ मुलींच्या संस्थेत १७०३ पासून व्हायोलिन शिकवत होता आणि ही रचना सुमारे १७१५ ची मानली जाते. तिथे गाणाऱ्या मुली आणि स्त्रियाच होत्या. टेनर आणि बासच्या ओळी त्या नेमक्या कशा म्हणत यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. आपल्यासाठी त्यातून निघणारी गोष्ट अशी, की या रचनेचा भार वरच्या दोन आवाजांवर बराच आहे, आणि आपली ताकद नेमकी तिथे आहे. आल्टोमधील दोन भारदस्त आवाज काही ठिकाणी टेनरच्या मदतीला दिले तर कोणाला वावगे वाटू नये. मी तसे केले आहे. फक्त त्या दोघींना पहिल्या तालमीपासून टेनरच्या रांगेतच बसवावे, ऐनवेळी सरकवू नये.

आणखी एक रचना सुचवते, ती आपल्या यादीत नाही : बुक्स्टेहुडेचे ‘इन दुल्ची युबिलो’. सोप्रानो, आल्टो, बास, दोन व्हायोलिन आणि कंटिन्युओ (बासची ओळ आणि तिच्यावरची कीबोर्डची साथ), बस. टेनर नाही आणि व्हायोलाही नाही. नाताळचे गीत आहे, अर्धे लॅटिन आणि अर्धे जर्मन. पैठणच्या नाथांच्या भारुडांत मराठीला दखनी येऊन मिळते, ते ऐकलेल्या आपल्या श्रोत्यांना दोन भाषांचे असे एकत्र गाणे परके वाटणार नाही. हाच तो बुक्स्टेहुडे, ज्याला ऐकण्यासाठी विशीतला बाख १७०५ मध्ये आर्नश्टाटहून ल्युबेकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर चालत गेला होता. वारीच्या मुलखातल्या माणसांना त्या चालण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

उत्तर २ (नांदेड)

जालन्याच्या ताईंनी गळ्याची बाजू मांडली आहे, मी तंतुवाद्यांची मांडतो. मी व्हायोलिन शिकवतो आणि चर्चच्या कार्यक्रमांत साथीला बसतो.

एक तासाच्या कार्यक्रमात गायकांना मधे विसावा हवा असतो आणि तो विसावा नुसता ‘भरणा’ वाटू नये. त्यासाठी कोरेल्लीच्या सहाव्या ओपसमधील आठवा कंचेर्तो ग्रोसो घ्या. हा संग्रह कोरेल्लीच्या मृत्यूनंतर, १७१४ मध्ये छापला गेला, आणि आठव्या कंचेर्तोवर ‘नाताळच्या रात्रीसाठी’ असे लिहिलेलेच आहे. तो सुचवण्याचे खरे कारण त्याच्या रचनेत आहे. दोन व्हायोलिन आणि एक चेलो यांचा छोटा गट पुढे वाजवतो, बाकीचे मागून येऊन मिळतात, जसे भजनात मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी. आपल्या पाच व्हायोलिनवादकांत दोघे तयारीचे आणि तिघे शिकाऊ असतील, असा माझा अंदाज आहे, कारण मराठवाड्यात सगळीकडे हेच प्रमाण दिसते. अशा विषम संघाला कोरेल्लीइतका न्याय दुसरा कोणी देत नाही. शिवाय तो व्हायोलिनला तिसऱ्या पोझिशनच्या वर फारसा नेत नाही. शेवटचा ‘पास्तोराले’ ऐच्छिक आहे, पण तो गाळू नका. संपूर्ण कंचेर्तो जी मायनरमध्ये चालतो आणि इथे जी मेजर उघडतो. मेंढपाळांच्या पाव्याची झुलती लय आहे ती, तिच्यासाठीच बाकीचा कंचेर्तो ऐकावा असे मला वाटते.

आता ‘ग्लोरिया’तील वाद्यांविषयी. मूळ रचनेत एक ओबो आणि एक ट्रंपेट आहे. ओबो नसला तरी घाबरू नका. सहाव्या भागात सोप्रानोसोबतची एकल ओळ ओबोने किंवा व्हायोलिनने वाजवावी, अशी मुभा मूळ लेखनातच आहे. उरलेल्या भागांतील ओबो बासरीवर चालेल. ट्रंपेट पहिल्या आणि शेवटच्या दोन भागांतच येतो, म्हणजे आपल्या बँडवाल्या मित्रांना अकरा आठवड्यांत तीनच पाने बसवायची आहेत. मात्र त्यांचा ट्रंपेट बहुधा बी फ्लॅटचा असणार. तो लिहिल्यापेक्षा एक संपूर्ण स्वर खाली बोलतो, त्यामुळे डी मेजरचा भाग त्यांना ई मेजरमध्ये, चार शार्पसह, लिहून द्यावा लागेल. हे काम सप्टेंबरातच करा. आणि त्यांना तालमीत शेवटी नव्हे, सुरुवातीलाच बोलवा. ओठ ताजे असताना हे वरचे स्वर जितके गोल लागतात तितके तासाभराने लागत नाहीत.

पट्टीबद्दल. बरोक वादनात आज ‘ए’ हा स्वर पुष्कळदा ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे प्रचलित ४४० पेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली. सोप्रानोंना ते सुखाचे जाते, आणि तारा उतरवणे व कीबोर्ड एक पायरी खाली घेणे सोपे आहे, म्हणून मोह होतो. परंतु आपल्या बासऱ्या आणि ट्रंपेट तसे उतरत नाहीत, त्यांचे सगळे कागद पुन्हा लिहावे लागतील. ४४० वरच राहा. कंटिन्युओसाठी हार्मोनिअम घेण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच, तो नम्रपणे नाकारा. एक हात भात्यावर गेल्याने वादकाला एकाच हाताने सगळे वाजवावे लागते, आणि पेटीचे स्वर ठरलेले असतात, ते ऐनवेळी हलत नाहीत. कीबोर्डवर ऑर्गनचा मऊ आवाज ठेवा, डाव्या हाताने बासची ओळ अधूनमधून एक सप्तक खाली हलकेच धरली तर डबल बासची उणीव झाकली जाते. वीज गेली तर कीबोर्ड बंद पडेल, तो इन्व्हर्टरवरच जोडा.

शेवटची गोष्ट अनुभवाची. काही वर्षांपूर्वी ‘ग्लोरिया’च्याच पहिल्या एकत्र तालमीत गायकांकडे एका प्रकाशनाची प्रत होती आणि आमच्याकडे इंटरनेटवरून उतरवलेली दुसरी. सातव्या भागात कंडक्टर म्हणाले, “चाळिसाव्या मापापासून घ्या,” आणि गायक एका ओळीवर, आम्ही दुसऱ्याच ओळीवर सुरू झालो. तीन तासांतला एक तास पेन्सिलीने मापांचे आकडे घालण्यात गेला. ही रचना दोन शतके विस्मरणात होती. विवाल्डीची हस्तलिखिते १९२० च्या दशकाच्या अखेरीस उजेडात येऊन तुरिनच्या ग्रंथालयात गेली आणि १९३९ मध्ये सिएना येथे आल्फ्रेदो काझेल्ला यांनी ‘ग्लोरिया’ पुन्हा सादर केली, तीही स्वतःचे फेरफार करून. त्यामुळे जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत फरक आढळतात. गायकांचे आणि वादकांचे कागद एकाच आवृत्तीचे आहेत ना, एवढे पहिल्याच दिवशी पाहा.

उत्तर ३ (अंबाजोगाई)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. अकरा रविवारांत हा संघ संपूर्ण ‘ग्लोरिया’ उभी करू शकेल, पण बहुधा अर्धवट शिजलेली. पहिला भाग पंधरा दिवसांत बसतो आणि सर्वांचा उत्साह वाढतो, हे खरे. कस लागतो तो दुसऱ्या भागात, ‘एत इन तेर्रा पाक्स’मध्ये. संथ लय, बी मायनर, आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकत जाणाऱ्या ओळी. पट्टी घसरते ती इथेच, आणि लांबी इतकी की घसरलेली लक्षात आल्यावर सावरायला जागा नसते. शेवटचा भाग दुहेरी फ्यूग आहे, म्हणजे दोन विषय एकापाठोपाठ एका आवाजातून दुसऱ्यात जातात (विवाल्डीने तो जोव्हान्नी मारिया रुज्जिएरी या संगीतकाराच्या रचनेवर बेतला आहे), तिथे प्रत्येक आवाजाने आपापला प्रवेश स्वतःच्या बळावर घ्यायचा असतो. त्यामुळे तालमी एकपासून बारापर्यंत क्रमाने घेऊ नयेत. पहिल्या रविवारी दुसरा भाग, दुसऱ्या रविवारी बारावा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे दोन उभे राहिले नाहीत, तर निवडक सहा-सात भाग करण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा, डिसेंबरात नव्हे.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न आपल्या भजनी मंडळातील तिघांचा आहे. त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी स्वतः शास्त्रीय गायन शिकून मग क्वायरमध्ये गेलो, तेव्हा हा अडथळा मी ओलांडलेला आहे. चर्चमध्ये रूढ असलेल्या टॉनिक सोल्फा पद्धतीत ‘डो’ हलता असतो आणि आपला ‘सा’ही हलता असतो, त्यामुळे मेजरमध्ये दोन्हींची गाडी एकाच रुळावर चालते. मायनर आले की रूळ बदलतो. सोल्फात मायनरचा आधारस्वर ‘ला’ म्हणतात, आणि सरगम शिकलेला माणूस मात्र त्याच स्वराला सरळ ‘सा’ धरून पुढे कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद मोजतो. दोघेही बरोबर असतात आणि दोघेही एकमेकांना चुकीचे समजतात. एका तालमीत चौथ्या भागाच्या सुरुवातीला शिक्षक “ला” म्हणत होते आणि माझ्या शेजारचे काका तोच सूर बिनचूक लावून “सा” म्हणत होते. तिसऱ्यांदा टोकल्यावर त्यांनी कागद मिटला आणि पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. आपण प्रत्येक भागाच्या आरंभी “इथे सा म्हणजे अमुक स्वर” असे तोंडी सांगा आणि त्या तिघांच्या कागदावर सरगम लिहून द्या. त्यांचा सूर पक्का आहे, नाव कोणतेही असो.

त्यांच्या गळ्याची सवयही ध्यानात घ्यावी. भजनात पुरुष उंच पट्टीत, खुल्या छातीने गातात, इथे त्यांना खालच्या सप्तकात आणि इतरांत मिसळून गायचे आहे. कदाचित तिघांपैकी एखादा खरे म्हणजे टेनर असेल, जागा नव्हती म्हणून बासमध्ये बसला असेल. एकदा प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा तपासून पाहा. जालन्याच्या ताईंनी मांडलेला टेनरचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

आपल्याकडे दोन बासऱ्या आहेत, म्हणून शार्पांत्येच्या ‘मध्यरात्रीच्या मिस्सा’चेही (चर्चमधील उपासनाविधीच्या संगीताचेही) नाव घेतो. सुमारे १६९४ ची, नाताळच्या फ्रेंच लोकगीतांच्या चालींवर बांधलेली ही रचना आहे. बासऱ्या आणि तंतुवाद्ये यांचीच साथ आहे, आणि वरचा पुरुषी आवाज आपल्या आल्टोंना गाता येतो. पूर्ण नको, पहिला ‘किरिए’ (दयायाचनेचा भाग) तेवढा करून पाहा.

उत्तर ४ (लातूर)

उच्चारांबद्दल थोडेसे. चर्चमधील लॅटिन इटालियन वळणाने म्हणतात, म्हणून ‘एक्सेल्सिस’ असे न म्हणता ‘एक्शेल्सिस’ म्हणावे. ‘ग्रात्सिआस’मधील ‘त्सि’ अनेकांना ‘टि’ किंवा ‘शि’ वाटतो. तो आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’सारखा आहे, ‘चहा’तल्या नव्हे. मराठी माणसाच्या जिभेवर हा उच्चार जन्मजात असतो, फक्त त्याला ते सांगावे लागते. बुक्स्टेहुडेच्या जर्मन ओळींत ‘हेर्त्स’ येईल तिथेही हाच ‘च’. स्वर आखूड आणि स्वच्छ ठेवावेत. ‘देओ’चे ‘डेयो’ होऊ देऊ नये, आपला दंत्य ‘द’ इथे अगदी नेमका बसतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर (छत्रपती संभाजीनगर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. गेल्या रविवारी अंबाजोगाईच्या सरांच्या सूचनेप्रमाणे प्रत्येकाचा आवाज वेगळा तपासला. भजनी मंडळातील तिघांपैकी सर्वांत तरुण असलेले गृहस्थ काळी चारच्या पट्टीत सहज वावरतात आणि वरचा षड्ज न ताणता लावतात. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, “बासमध्ये खुर्ची रिकामी होती, म्हणून बसलो.” आता आमच्याकडे चार टेनर आणि तीन बास आहेत, आणि आल्टोमधील एक ताई टेनरच्या रांगेत बसायला आनंदाने तयार झाल्या आहेत. हे चौघे आणि त्या ताई यापुढे कडेला न बसता मधोमध, चेलोच्या मागे बसतील.

‘झेडॉक’, ‘माग्निफिकात’ आणि चौथा कँटाटा यांचा विचार सोडला आहे. ‘झेडॉक’ सोडताना वाईट वाटले, तंतुवाद्यांच्या त्या दीर्घ प्रस्तावनेनंतर एकदम उसळणारे सातही आवाज मला आमच्या चर्चच्या उंच छताखाली ऐकायचे होते. कार्यक्रमाचा आरंभ कोरेल्लीच्या कंचेर्तोने, पास्तोरालेसह होईल. त्यानंतर ‘इन दुल्ची युबिलो’, मग ‘अँड द ग्लोरी ऑफ द लॉर्ड’, आणि उत्तरार्धात ‘ग्लोरिया’. दुसरा आणि बारावा भाग आधी घेऊ. १५ ऑक्टोबरच्या आसपास ते दोन्ही कीबोर्डशिवाय गाऊन पाहू आणि शेवटी पट्टी कुठे उरते ते मोजू. अर्ध्या स्वराहून जास्त खाली आलो असू, तर ‘ग्लोरिया’चे सातच भाग होतील आणि उरलेल्या वेळात शार्पांत्येचा ‘किरिए’ येईल. बासरीवादक दोघींना तो आताच देऊन ठेवला आहे.

ट्रंपेटचा भाग ई मेजरमध्ये लिहून झाला. कागद हाती देताच त्या गृहस्थांनी पहिली आठ मापे अगदी हळू, पण एकही स्वर न चुकता वाजवली, आणि मग विचारले की ही चाल इतकी लवकर थांबते का.

एक अडचण उरली आहे. आमच्या एकुलत्या व्हायोलावादक मुलीची परीक्षा डिसेंबरातच येते आहे, त्यामुळे शेवटच्या दोन तालमींना ती असेलच असे नाही. परभणी, हिंगोली किंवा बीड भागात व्हायोला वाजवणारे, अथवा व्हायोलिनवरून व्हायोलाकडे वळण्याची तयारी असलेले कोणी असल्यास कृपया इथेच कळवावे. वाद्य आमच्याकडे आहे, येण्याजाण्याचा खर्च आणि शनिवारचा मुक्काम याची व्यवस्था संघ करील.